जर्मन आडनाव मूळचं कुठलं ते कसं शोधायचं

आपल्याकडे बोरकर म्हटलं की बोरी आणि शिरोडकर म्हटलं की शिरोडा, आडनावातच गाव सापडतो, त्यामुळे घरात जर्मन सून किंवा जावई आला की आपण लगेच आडनावाचा अर्थ गूगल करतो आणि पहिलं जे दिसेल ते सगळ्या नातेवाईकांना सांगून मोकळे होतो. तसं करू नका. बरीचशी जर्मन आडनावं धंद्यावरून पडलीत, म्युलर म्हणजे पिठाची गिरणीवाला, श्मिट म्हणजे लोहार, आणि असे लोक गावोगाव होते. म्हणून आधी प्रदेश शोधायचा, अर्थ नंतर.

क्र्यूगर (Krüger) हे आडनाव घेऊया. पहिलं काम स्पेलिंगचं. जर्मनमध्ये यूवर दोन टिंबं असतात, परदेशातल्या कागदांवर ती कधी गळतात तर कधी त्यांच्या जागी यूई लिहितात, तेव्हा Krüger, Kruger, Krueger असं तिन्ही प्रकारे सर्च करा. दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर नॅशनल पार्क ज्यांच्या नावाने आहे त्या पॉल क्रूगरांचा मूळ पुरुष जर्मनीतूनच केपला गेलेला, 1713 मध्ये, टिंबं तिकडेच गेली.

मग नकाशा. जर्मन आडनावांचा मोठा डिजिटल कोश ऑनलाइन फुकट आहे, जर्मनीतल्या माइन्त्स शहरातल्या अकादमीचा, डीएफडी म्हणतात त्याला. त्यात कुठलं आडनाव कुठे जास्त आहे ते नकाशावर दिसतं. क्र्यूगर टाकलं की उत्तर आणि पूर्व भरलेला दिसेल, बर्लिन, ब्रांडेनबुर्ग, मेक्लेनबुर्ग. पण हा डेटा 2005 च्या टेलिफोन कनेक्शनचा आहे हं, म्हणजे तो आकडा माणसांचा नव्हे, फोनचा, एका फोनमागे अख्खं घर असायचं. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, दुसऱ्या महायुद्धानंतर पोमेरानिया, सायलेशिया, पूर्व प्रशिया इथून लाखो जर्मनांना घरदार सोडून पश्चिमेला यावं लागलं, त्यामुळे नकाशात एखादं आडनाव हॅम्बुर्गजवळ दिसलं तरी पणजोबा आजच्या पोलंडमधल्या गावचे असू शकतात. हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारल्याशिवाय कळत नाही, तेव्हा फोन लावा.

आता अर्थ बघा. उत्तरेत क्रूग म्हणजे गावातलं तवेर्न, म्हणजे दारूचा गुत्ता, तिथला क्र्यूगर म्हणजे ते चालवणारा. दक्षिणेत क्रूग म्हणजे मातीची सुरई, तिथला क्र्यूगर कुंभार निघू शकतो. प्रदेश माहीत नसेल तर यातलं कुठलं खरं ते कसं सांगणार?

शेवटी कागद. गोव्यात पोर्तुगीज पासपोर्टसाठी आजोबांचा जन्मदाखला ज्यांनी शोधलाय त्यांना हे जड जाणार नाही. सरकारी नोंदणी प्रशियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्यात, ऑक्टोबर 1874 पासून आणि अख्ख्या जर्मनीत 1 जानेवारी 1876 पासून, ऑफिसला श्टांडेसाम्ट म्हणतात. त्याआधीचं बहुतेक चर्चच्या वह्यांत, प्रोटेस्टंट असतील तर आर्किओन ही साइट, पैसे भरावे लागतात, कॅथलिक असतील तर मात्रिकुला, ती फुकट. जन्माची नोंद 110 वर्षं बाहेरच्यांना बघता येत नाही, म्हणून अर्ज सुनेच्या किंवा जावयाच्याच नावाने करा, ते सरळ वारस असल्यामुळे त्यांना मिळते. अर्ज जर्मनमध्ये लिहा आणि गाव, धर्म, अंदाजे साल हे तिन्ही घाला, नुसत्या आडनावावर कोणी शोधून देत नाही. आणि आडनावाचं राजचिन्ह म्हणून फ्रेम विकणाऱ्यांना पैसे देऊ नका, ते चिन्ह एखाद्या घराण्याचं असतं, त्या आडनावाच्या सगळ्यांचं नव्हे.