घरच्या कॉम्प्युटरला दोन कोअर पुरतात की चार लागतात?

२०१७ साली गणपतीच्या आधीच्या आठवड्यात ठाण्याच्या चरईतल्या माझ्या दुकानात एक निवृत्त शिक्षिका आल्या. रिक्षात मांडीवर धरून आणलेला जुना सीपीयू आणि खांद्याला महिन्याभरापूर्वीच घेतलेला लॅपटॉप. (आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, मीही म्हणते. पण इथे प्रोसेसर म्हटलं की डब्यातल्या मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य पाटीवर, बसवलेली चिप समजा.) जुन्या डब्यात इंटेल कंपनीचा दोन कोअरचा आय३-४१३० होता. लॅपटॉपच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘क्वाड-कोर’ छापलेलं. बाई म्हणाल्या, “ताई, दोनाचे चार झाले ना? मग हा जुन्यापेक्षा रखडत का चालतो?”

लॅपटॉप उघडून पाहिला, तर आत पेंटियम एन३७१०. कोअर खरोखरच चार, पण चौघांना मिळून साधारण सहा वॅटमध्ये भागवायचं होतं. मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १६० कोटी ठोके, जोर लावला तर २.५६. जुना आय३ मात्र ३.४ गिगाहर्ट्झवर चालायचा, आणि त्याचा एकेक कोअर एका ठोक्यात कामही जास्त उरकायचा. लॅपटॉपमध्ये रॅम, म्हणजे चालू काम मांडून ठेवायची तात्पुरती मेमरी, चार जीबी आणि साधी फिरती हार्ड डिस्क. दुकानदाराने बाईंना खोटं काही सांगितलं नव्हतं, फक्त कोअरची संख्या सांगून तो थांबला होता. त्यानंतर गेली काही वर्षं मी गिऱ्हाइकाला संख्या सांगण्याआधी दुसऱ्या दोन-तीन गोष्टी विचारते. त्या कोणत्या, ते इथे सविस्तर लिहिते, म्हणजे दुकानात जाण्याआधी तुम्ही स्वतःच त्या तपासू शकाल.

आधी कोअर म्हणजे काय ते. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक भाग, शेगडीचा बर्नरच समजा. दोन बर्नरच्या शेगडीवर एकीकडे वरण, एकीकडे भाजी. चार बर्नर असले की भात आणि चहाही त्याच वेळी. पण पुरणपोळीचा बेत असेल तर डाळ शिजल्याशिवाय पुरण होत नाही, पुरण वाटल्याशिवाय पोळी लाटता येत नाही. तिथे चार बर्नर असून तीन रिकामेच राहतात आणि जो एक पेटलाय त्याची आच किती मोठी, यावर जेवणाची वेळ ठरते. कॉम्प्युटरची बरीच कामं अशीच एकामागून एक होणारी असतात. जीन अॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्येच हे मांडलं होतं की कामाचा जो भाग वाटून करता येत नाही, तो एकूण वेग अडवून धरतो, मग प्रोसेसर कितीही वाढवा. त्याच्या नावाने तो नियम आजही ओळखला जातो.

आता तुमच्या घरचा कॉम्प्युटर. नवा घ्यायचा असला तरी सुरुवात जुन्यापासूनच करा. ज्या वेळी तो सगळ्यात जास्त रडवतो ती वेळ निवडा. मुलाचा ऑनलाइन क्लास चालू आहे, तुम्ही क्रोममध्ये बँकेचं पान उघडलंय, मागे पीडीएफ आहेत, अशी. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तिन्ही कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा. सीपीयूवर (इथे याचा अर्थ प्रोसेसर) क्लिक केलं की खाली ‘कोअर्स’ आणि ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ असे दोन आकडे दिसतात. पहिला आकडा खऱ्या कोअरचा. दुसरा त्याच्या दुप्पट असेल तर एकेक कोअर दोन कामं आलटून पालटून सांभाळतो, अशा एकेका कामाच्या रांगेला थ्रेड म्हणतात. एक भांडं उकळी येण्याची वाट बघतंय तोवर त्याच आचेवर दुसरं सरकवून घ्यावं, तसं. फायदा होतो, पण दुप्पट नाही. ‘चार थ्रेड’ला कोणी ‘चार कोअर’ म्हणून विकत असेल तर तिथेच थांबवा.

दहा मिनिटं ती खिडकी उघडी ठेवून रोजचं काम करा आणि डाव्या बाजूचे तीन आकडे बघत राहा: सीपीयू, मेमरी, डिस्क. कोणता आधी शंभराला टेकतो ते वहीत लिहा. माझ्याकडे ‘प्रोसेसर बदला’ म्हणून येणाऱ्या डब्यांत बहुतेक वेळा डिस्क शंभरावर असते आणि प्रोसेसर तिची वाट बघत तीस टक्क्यांवर बसलेला असतो. फिरती हार्ड डिस्क सलग फाइल वाचताना सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, आणि विखुरलेल्या लहान लहान फाइलींवर ती फारच मागे पडते. साधी साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपवरची डिस्क, पाचशेच्या पुढे जाते आणि लहान फाइलींना अडखळत नाही. फिरती डिस्क असलेल्या डब्यात आठ कोअर बसवले तरी विंडोज सुरू व्हायला तेवढाच वेळ लागेल. मेमरी नव्वदच्या वर असेल तर रॅम वाढवा. चार जीबीवर आज क्रोम नीट चालवणं अवघड आहे, कारण तो जवळपास प्रत्येक साइटसाठी वेगळी प्रोसेस उघडतो आणि प्रत्येकीला मेमरी लागते.

बाईंच्या जुन्या डब्यात तेव्हा मी एसएसडी टाकली आणि रॅम चारची आठ केली. प्रोसेसर तोच, दोन कोअरचाच. त्यावर त्यांनी पुढची तीन वर्षं मराठी टायपिंग, मेल, बँक, यूट्यूब सगळं केलं. लॅपटॉप धाकट्या बहिणीकडे गेला.

पण समजा मेमरी आणि डिस्क दोन्ही निवांत आहेत आणि सीपीयूच चढलाय. तरी लगेच ‘चार कोअर घ्या’ असं मी म्हणत नाही, कारण तो कसा चढलाय हे महत्त्वाचं. वागळे इस्टेटमधल्या एका हिशेबनिसांचं उदाहरण सांगते. चार कोअर, आठ थ्रेडचा चांगला प्रोसेसर, आणि एक्सेलमधला महिनाअखेरचा मॅक्रो (ठरलेल्या आज्ञा आपोआप चालवणारा छोटा प्रोग्रॅम) चालवला की बारा-तेरा मिनिटं थांबायचं. त्यांना सहा कोअर हवे होते. मॅक्रो चालू असताना मी टास्क मॅनेजर पाहिला: एक्सेल साधारण बारा टक्क्यांवर, जरासुद्धा वर जात नव्हतं. शंभराला आठाने भागा, साडेबारा येतात. म्हणजे आठांतला एकच थ्रेड राबत होता. एक्सेल २००७च्या आवृत्तीपासून सूत्रांचं गणित अनेक कोअरवर वाटतं, पण व्हीबीए या एक्सेलच्या भाषेतला मॅक्रो एकाच थ्रेडवर चालतो. आम्ही मॅक्रो चालू असताना स्क्रीन दर ओळीला बदलणं बंद केलं, गणित शेवटी एकदाच करायला लावलं. काम दोन मिनिटांच्या आत आलं आणि त्यांचे पैसे वाचले.

हाच हिशेब तुम्हीही करा. दोन कोअर आणि दोनच थ्रेड असतील तर एखादा प्रोग्रॅम पन्नासच्या आसपास अडकलेला दिसेल. एकूण चार थ्रेड असतील तर पंचवीसच्या आसपास. असं असेल तर जास्त कोअरनी फरक पडणार नाही, जास्त ताकदीचा कोअर हवा. याउलट तीन-चार वेगवेगळे प्रोग्रॅम थोडं थोडं खातायत आणि बेरीज नव्वद-शंभरावर जातेय, माउसही अडकतोय, तर तिथे चार कोअर खरंच लागतात.

बाईंकडे ही वेळ २०२० साली आली. नातवाची शाळा झूमवर, त्याच डब्यावर. व्हिडिओ कॉल म्हणजे आपला चेहरा दाबून लहान करून पाठवायचा, समोरच्या पंचवीस चेहऱ्यांचे चौकोन उलगडायचे, आवाज सांभाळायचा, आणि शिक्षकांनी दिलेली पीडीएफ त्याच वेळी उघडायची. मागे अँटिव्हायरसचं स्कॅनिंग. मेमरी साठ टक्के, डिस्क शांत, सीपीयू मात्र सतत शंभरला. त्या पावसाळ्यात मी त्याच मदरबोर्डवर सेकंड-हँड आय५-४५७० बसवला. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, तेच, ११५०. कोअर चार, मूळ वेग ३.२ गिगाहर्ट्झ, म्हणजे जुन्यापेक्षा किंचित कमीच, पण आता चार कामांना चार खरे कोअर. नातवाचा आवाज तुटायचा थांबला.

असा बदल करायचा असेल तर तीन गोष्टी आधी पाहा. मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवर तो प्रोसेसर चालणाऱ्यांच्या यादीत आहे का आणि बायॉस (मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) कितवं लागतं. पॉवर सप्लायला झेपेल का: आय३-४१३० चोपन्न वॅटचा होता, आय५-४५७० चौऱ्याऐंशीचा. आणि पंखा. जुना बारका पंखा तसाच ठेवून चार कोअर बसवले तर चिप तापते आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करते, मग पैसे घालून हाती काही येत नाही. ठाण्यात हे जास्त जाणवतं. घोडबंदर रोडला लागून असलेल्या घरांतून येणारे डबे उघडले की प्रोसेसरची उष्णता खेचणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत धुळीची घट्ट गादी बसलेली असते. ती काढून नवी थर्मल पेस्ट लावल्यावर ‘नवा घ्यायचा होता, पण आता चालतोय’ असं सांगणारे दर मे महिन्यात भेटतात. धूळ काढायच्या आधी कोअर मोजू नका.

यूट्यूबबद्दल एक वेगळीच अडचण आहे. व्हिडिओ अडखळला की लोक कोअरला दोष देतात. यूट्यूब बरेच व्हिडिओ व्हीपी९ नावाच्या पद्धतीने दाबून पाठवतं. इंटेलच्या सातव्या पिढीपासून चिपमधला ग्राफिक्सचा भाग ते स्वतः उलगडतो. चौथ्या पिढीत (बाईंचे ४१३० आणि ४५७० त्यातलेच) ती पूर्ण सोय नाही, म्हणून बराचसा भार कोअरवर पडतो. त्यामुळे जुन्या चार कोअरपेक्षा नवा दोन कोअरचा प्रोसेसर व्हिडिओ दाखवताना थंड राहू शकतो.

आता नावं. आय३, आय५, आय७ या आकड्यांवरून कोअर कळत नाहीत, इथेच सर्वांत जास्त फसगत होते. आय३-७१०० दोन कोअरचा आहे आणि त्याच्या पुढचा, २०१७च्या अखेरीस आलेला आय३-८१०० चार कोअरचा. लॅपटॉपमधला आय७-७५००यू नावाने आय७, पण कोअर दोनच. त्यानंतरचा आय५-८२५०यू चार कोअरचा. स्वस्त लॅपटॉपांत दिसणारा सेलेरॉन एन४०२० दोन कोअर, दोन थ्रेड. एन१०० चार कोअरचा, आणि तोही सहा वॅटचाच, पण २०२३चा. बाईंच्या एन३७१०च्या कोअरशी त्याच्या कोअरची बरोबरी होत नाही. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या चिपांत अॅथलॉन ३०००जी दोन कोअर चार थ्रेड, रायझन ३ ३२००जी चार कोअर. म्हणून दुकानातून पूर्ण नंबर लिहून घ्या आणि कंपनीच्या साइटवर त्या नंबरचं पान उघडून कोअर, थ्रेड आणि ती चिप कोणत्या वर्षी आली ते वाचा. वर्ष वाचायला विसरू नका. शेवटचं अक्षरही पाहा: इंटेलच्या डेस्कटॉप चिपला शेवटी ‘एफ’ असेल तर तिच्यात ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड घातल्याशिवाय मॉनिटरवर काही येणार नाही. चार पैसे वाचवायला एफवाली चिप घेतलेले दोन डबे मागच्या दिवाळीत माझ्याकडे ‘डेड’ म्हणून आले होते.

विंडोजचाही विचार करावाच लागतो. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला किमान दोन कोअर पुरतात, पण चिप मायक्रोसॉफ्टच्या यादीतली हवी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी. इंटेलची यादी जवळपास आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणून चार कोअरचा आय५-६५०० बाहेर राहतो आणि दोन कोअरचा पेंटियम गोल्ड जी५४०० आत बसतो. ऑफिसांतून निघालेले, स्वस्तात मिळणारे चार कोअरचे डबे घेण्याआधी हे लक्षात असू द्या. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली चालणार असेल तर ते डबे अजूनही दणकट आहेत.

मग माझं मत काय? घरात दोन कोअरचा, यादीतला, एसएसडी असलेला कॉम्प्युटर असेल आणि काम पत्रं, बँक, टायपिंग, भजनं ऐकणं एवढंच असेल, तर तो वापरा, बदलू नका. नवा विकत घेत असाल तर मात्र दोन कोअर घेऊ नका. तो पाच-सात वर्षं वापरायचा असतो आणि ब्राउझर दर वर्षी जड होतात. डेस्कटॉपसाठी आय३-१२१०० किंवा त्यानंतरचे १३१०० आणि १४१००, सगळे चार कोअर, आठ थ्रेड. सोबत आठ जीबी रॅम, जमलं तर सोळा. गेम खेळणारा मुलगा असेल तर दोन कोअरचा विषयच काढू नका: २०१५ मध्ये कॉम्प्युटरवर आलेल्या जीटीए फाइव्हच्या किमान गरजेतच चार कोअरचा कोअर टू क्वाड क्यू६६०० लिहिला होता. व्हिडिओ एडिटिंग किंवा अँड्रॉइड अॅप बनवणं असेल तर चारावरही थांबू नका, सहा कोअर, बारा थ्रेडचा रायझन ५ ५६००जी पाहा. ती कामं खरोखर वाटली जातात.

घ्यायला जाताना पेन ड्राइव्हमध्ये स्वतःची सगळ्यात जड फाइल न्या. दुकानातल्या मशीनवर ती उघडून पाहू द्या म्हणा, सोबत दहा टॅब आणि एक व्हिडिओ. देत नसतील तर दुसरं दुकान बघा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा ठाण्यात नौपाड्यातच घ्या, ही विनंती कुठेही करता येते.

बाई गेल्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा आल्या. आय५-४५७०चा डबा लिनक्स मिंट टाकून सोसायटीच्या ऑफिसात मेंटेनन्सच्या पावत्या काढायला दिला. घरासाठी आय३-१२१०० घेतला. बिलावर मी प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहिलं. बाईंनी चष्मा लावला, आकडे वाचले, आणि शेवटी एफ नाही ना, हे बघून मगच बिल पर्समध्ये ठेवलं.