चूक सांगायला येणाऱ्याला दिलेले पहिले उत्तर

सहकाऱ्यांनी अडचणी वेळेत सांगाव्यात असे वाटत असेल, तर वाईट बातमी घेऊन येणाऱ्याला आपण पहिले वाक्य कोणते ऐकवतो, याकडे वरिष्ठांनी लक्ष द्यावे. ‘हे कोणी केले?’ असा प्रश्न आला की माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो आणि पुढची चूक तो, तसेच हे पाहणारे बाकीचेही, शक्य तितके दिवस झाकून ठेवतात. त्याऐवजी ‘बरे झाले लगेच सांगितले, आता कोणाची मदत लागेल?’ असे विचारल्यास चर्चा माणसावरून कामावर येते. जबाबदारी निश्चित करायचीच असते, पण ती नंतर आणि एकांतात.

व्यवस्थापनाच्या अमेरिकन अभ्यासक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील चमूंचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चमूंमध्ये औषधांच्या चुका अधिक नोंदलेल्या आढळल्या. तेथे चुका जास्त होत नसून त्या मोकळेपणाने बोलल्या जात असाव्यात, असा अर्थ त्यांनी लावला. म्हणून ज्या विभागातून महिनोन्‌महिने एकही अडचण कानावर येत नाही, त्याचे कौतुक करण्याची घाई करू नये.

बैठकीत ‘काही शंका आहे का?’ हा प्रश्न बहुधा वाया जातो (नकारार्थी मान हलवणे सर्वांनाच सोपे असते). ‘या योजनेत कोठे अडेल असे वाटते?’ असे विचारावे, उत्तरासाठी थोडे थांबावे आणि स्वतःचे मत शेवटी मांडावे. एखादी सूचना स्वीकारता आली नाही, तर त्याचे कारण ती करणाऱ्याला आठवडाभरात कळवावे.