पुण्यात इंजिनिअरिंग करताय, आयटीत जायचंय? आधी एम-थ्री काढा

पायथन घेऊ की जावा, डीएसए (डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम) कधीपासून सुरू करू, असले प्रश्न ज्युनिअर मला दरवर्षी विचारतात. त्यांची उत्तरं कुठेही मिळतील. (माझं विचाराल तर कॉलेजात जी भाषा आधी शिकवतील तीच धरा आणि निदान दोन वर्षं सोडू नका.) मी लिहितोय ते एम-थ्रीबद्दल, म्हणजे इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स-थ्री या गणिताच्या विषयाबद्दल, आणि मुख्यतः डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला येणाऱ्यांसाठी, कारण मी त्यातलाच. बारावीवरून आलेल्यांनीही वाचा. पुढे तारखांचा जो हिशेब दिलाय तो कुणालाच चुकत नाही.

आपले कॅप राउंड (प्रवेशाच्या फेऱ्या) संपून कॉलेजात पाऊल पडतं तेव्हा बाकीच्यांचे एकेका विषयाचे एक-दोन युनिट झालेले असतात. नऱ्हे-आंबेगावात कॉट बेसिसवर खोली शोधा, मेस लावा, स्कॉलरशिपचा फॉर्म भरा, आणि तेवढ्यात इनसेम, म्हणजे सेमच्या मधली परीक्षा. पहिलं सेम असं धापा टाकत जातं. त्यातल्या त्यात प्रोग्रॅमिंग आपल्याला सोपं जातं, कारण सी आणि जावा डिप्लोमात झालेलं असतं. लॅबमध्ये बारावीवाले आपल्याच पीसीभोवती जमतात. छाती फुगते. कोडिंग येतंय म्हणजे नोकरी कुठे जात नाही, असं वाटायला लागतं.

मग एम-थ्री येतो. कॉम्प्युटरला माझ्या वेळी तो एसईच्या (सेकंड इयरच्या) दुसऱ्या सेमला होता, काही शाखांना पहिल्याच सेमला असतो. एम-वन आणि एम-टू फर्स्ट इयरला होतात आणि आपण ते वर्ष पाहिलेलंच नसतं. एम-थ्रीचे सर फळ्यावर लिनिअर डिफरन्शियल इक्वेशन लिहितात आणि ‘हे एम-टूमध्ये झालंय’ म्हणून पुढे सरकतात. वर्गातले तीन चतुर्थांश माना डोलावतात. पुढच्या युनिटला फूरियर आणि झेड ट्रान्सफॉर्म. इंटिग्रेशन हातात बसलेलं नसेल तर तिथे नुसती उतरवाउतरवी चालते.

माझ्या वेळी ही दोन युनिटं इनसेमला होती, ३० मार्कांना. उरलेली चार एंडसेमला, म्हणजे सेमच्या शेवटच्या परीक्षेला, ७० मार्कांना. इनसेमला बावीस-चोवीस पडले तर एंडसेमला जीव मोकळा राहतो. सात-आठ पडले तर स्टॅटिस्टिक्स-प्रोबॅबिलिटीसारख्या सोप्या युनिटांतही हात थरथरतो. विषय कठीण आहे म्हणून जितके जण अडकतात, त्याहून जास्त जण पाया नसताना पहिली दोन युनिटं हातची गेल्यामुळे अडकतात, असं माझं ठाम मत आहे.

आता तारखा. हे कुणी सांगत नाही, म्हणून कंटाळा येईपर्यंत सांगतो.

समजा एसईच्या मे-जूनच्या परीक्षेत एम-थ्री राहिला. एटीकेटी (विषय राहिला तरी पुढच्या वर्षात जायची सवलत) आहे, टीईला (थर्ड इयरला) प्रवेश मिळतो, घरी कुणाला फारसं कळतही नाही. पुढचा प्रयत्न नोव्हेंबर-डिसेंबरला, टीईच्या पेपरांबरोबर. तेव्हाही राहिला, किंवा ‘या वेळी चालू विषय नीट करू, एम-थ्री उन्हाळ्यात बघू’ असं ठरवलं, तर थेट पुढचा मे-जून. वरवर पाहता बीईच्या (शेवटच्या वर्षाच्या) आत विषय सुटतोय. पण मे-जूनच्या परीक्षेचा निकाल यायला जुलै-ऑगस्ट उजाडतो आणि कॅम्पसला मोठ्या संख्येने घेणाऱ्या कंपन्यांचे फॉर्मही साधारण त्याच सुमाराला येतात. फॉर्मवर एक रकाना असतो: लाइव्ह बॅकलॉग (अजून न सुटलेला विषय) आहे का? निकाल लागलेला नसेल तर उत्तर ‘आहे’. पेपर सोपा गेला होता, पन्नास तरी पडतील, याला तिथे किंमत नाही. टीपीओ (कॉलेजातलं प्लेसमेंट बघणाऱ्या) सरांच्या हातातही काही नसतं. त्यांच्याकडे एक्सेलची शीट असते आणि तिच्यात फिल्टर लावलेला असतो.

माझा निकाल लागला तेव्हा मी पास होतो. ज्या कंपनीसाठी वर्षभर ॲप्टिट्यूड घासली होती तिची ॲप्टिट्यूड टेस्ट तोवर होऊन गेली होती.

म्हणून एसईचा बॅकलॉग काढायची खरी शेवटची संधी टीईच्या हिवाळी परीक्षेत असते. मे-जूनची संधी नुसती कागदावर आहे असं धरा. हिवाळ्यात वेळ कमी पडत असेल तर चालू सेमच्या एखाद्या विषयात दहा मार्क कमी पडू द्या, पण एम-थ्री काढा. हे ऐकून प्राध्यापक रागावतील. रागावू द्या.

आणखी एक. कंपनीच्या अटी शब्दशः वाचा. ‘लाइव्ह बॅकलॉग नको’ ही अट वेगळी आणि ‘बॅकलॉगची हिस्ट्री नको’ ही वेगळी. दुसरी असेल तर विषय निघालेला असूनही बाहेर. ‘साठ टक्के थ्रूआउट’ म्हणजे दहावी, बारावी किंवा डिप्लोमा, आणि डिग्री. तिन्ही ठिकाणी साठ. आपल्याला बहुधा बारावीच्या जागी डिप्लोमाचे टक्के टाकावे लागतात, पण बारावी करून मग डिप्लोमा केला असेल तर काय भरायचं ते आधीच विचारून ठेवा. शिक्षणात वर्षाचा गॅप असेल तर लपवू नका, कागदपत्रं तपासताना निघतोच.

घाबरलात? इतकं घाबरायचं कारण नाही. एम-थ्रीचा पाया दोन सेमच्या मधल्या सुट्टीत भरून निघतो. अप्पा बळवंत चौकात जुनं एम-टूचं पुस्तक स्वस्तात मिळतं. त्यातलं इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन एवढंच करायचं, बाकीच्याला हात लावू नका. रोज पाच गणितं, कागदावर, उत्तर न बघता. व्हिडिओ बघून गणित येत नाही. खोलीवर पाच जण असतील तर सदाशिव पेठेतल्या एखाद्या अभ्यासिकेत महिन्याची जागा घ्या. आजूबाजूला एमपीएससीवाले असतात, मान वर करत नाहीत. त्यांच्यात बसलं की मोबाइल काढायची लाज वाटते. मला तिथल्या त्या खुर्चीने जितकं शिकवलं तितकं कुठल्या क्लासने नाही शिकवलं.

आता शॉर्टकट. बीईला रेडिमेड प्रोजेक्ट विकणारे तुम्हाला शोधत येतील; रिपोर्ट, पीपीटी, कोड, सगळं मिळतं. घेऊ नका. नीतीचा मुद्दा बाजूला ठेवू. गिट हे सॉफ्टवेअर लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्स कर्नेलच्या कामासाठी केलं, कोणी कधी काय बदललं याची नोंद राहावी म्हणून. इंटरव्ह्यू घेणाऱ्याने तुमचं गिटहब (गिटवरचा कोड ठेवायची वेबसाइट) उघडलं आणि सगळा प्रोजेक्ट एकाच रात्री एकाच कमिटमध्ये (नोंदीत) चढलेला दिसला, की त्याला पुढे विचारायची गरज उरत नाही. त्यापेक्षा मेसचा हिशेब ठेवणारं साधं ॲप करा, पण चार महिने थोडं थोडं करा. आधी काय चुकलं, मग काय बदललं, हे तुम्हाला सांगता येतं; विकत घेतलेल्याला येत नाही.

सर्टिफिकेटांबद्दल एकच वाक्य: लिंक्डइनवर टाकून होतं, मग कोणी विचारत नाही. फिरोदिया करंडकाच्या (पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन नाट्यस्पर्धेच्या) टीममध्ये बॅकस्टेज केलेला मुलगा मला दहा सर्टिफिकेटवाल्यापेक्षा कामाचा वाटतो, कारण उद्या प्रयोग आहे आणि आज लाइट चालत नाही म्हणजे काय, ते त्याला माहीत असतं.

मेंटॉर म्हणून पैसे घेणाऱ्यांपासून लांबच राहा. एक वर्ष पुढे असलेला सीनिअर गाठा, शक्यतो डिप्लोमावालाच. त्याला अमृततुल्यवर एक कटिंग पाजा आणि कुठल्या कंपनीने काय अटी घातल्या होत्या ते वहीत उतरवून घ्या. दहा वर्षं अनुभव असलेले हिंजवडीतले दादा रिझ्यूमे चांगला बघून देतात, पण तुमच्या इनसेमची तारीख त्यांना कशी माहीत असणार?

आणि कॅम्पस सुटलंच तर? ऑफ-कॅम्पस असतं. शिवाय सीडॅक आहे. १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेली, परम महासंगणक बनवणारी तीच संस्था. तिच्या ॲडव्हान्स्ड कॉम्प्युटिंगच्या पीजी कोर्सला (माझ्या वेळी त्याला पीजी-डॅक म्हणत) वर्षातून दोन बॅच असतात आणि प्रवेश सी-कॅट या प्रवेश परीक्षेतून होतो. तिथे सी, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्किंग विचारतात, म्हणजे एसई-टीईत झालेलंच. माझी गाडी तिथूनच रुळावर आली. बीईच्या शेवटच्या सेममध्ये त्यांच्या वेबसाइटवर लक्ष ठेवा, फॉर्मची मुदत पाहता पाहता निघून जाते. फी बऱ्यापैकी आहे, तेव्हा घरी आधीच बोलून ठेवा.