शेण ट्रॉलीवर नको, किलोवर विका

उकिरड्यावरचं शेण ट्रॉलीच्या भावाने जातं आणि त्यातही पावसात बराच कस वाहून जातो. तेच शेण गांडूळखत करून चाळून गोणीत भरलं, की किलोवर विकता येतं. घरच्या शेतात टाकलं तरी विकतच्या खताचा खर्च वाचतो.

१. ताजं शेण सावलीत पसरून १५ दिवस रोज पाणी मारा. आत हात घालून बघा, गार लागलं तरच पुढे जा.

२. छपराखाली ३ फूट रुंद, दीड फूट उंच बेड करा. खाली पाचट, वर शेण, त्यावर आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळं आणि ओलं गोणपाट.

३. ओल टिकवा, चिखल नको. साधारण दोन महिन्यांत चहापत्तीसारखं काळपट, भुसभुशीत खत दिसेल.

४. काढण्याआधी ४-५ दिवस पाणी बंद. गांडुळं ओलीकडे तळाला जातात, वरचं खत हाताने अलगद ओढा. फावडं लावू नका, गांडुळं कापली जातात.

खत चाळून सावलीतच सुकवा. आणि घाईने गरम शेणात गांडुळं कधीच सोडू नका, एका रात्रीत सगळी मरतात.