एका टक्क्यात किती किलोमीटर? इलेक्ट्रिक गाडीने लांबचा प्रवास कसा करावा

इलेक्ट्रिक गाडी घेतल्यावर पहिले काही महिने बहुतेक जण ती शहरातल्या शहरातच फिरवतात. रात्री चार्जिंगला लावायची, सकाळी काढायची, विचार करायची वेळच येत नाही. मग कधीतरी पाचशे किलोमीटरचा प्रवास निघतो आणि पोटात गोळा येतो. मलाही आला होता. आता अशा बऱ्याच फेऱ्या झाल्यावर खात्रीने सांगते, की आदल्या दिवशी अर्धा-पाऊण तास नीट बसून गणित मांडलं तर रस्त्यावर डोकं शांत राहतं. ते गणित कसं मांडायचं, तेच इथे सांगते आहे.

पहिली पायरी: आपल्या गाडीचा आकडा काढा

कंपनीने सांगितलेली रेंज, म्हणजे पूर्ण भरलेल्या बॅटरीवर गाडी किती किलोमीटर जाते तो आकडा, बाजूला ठेवा. ती खोटी नसते, पण प्रयोगशाळेतल्या चाचणीची असते. डब्ल्यूएलटीपी नावाच्या चाचणीत गाडीचा सरासरी वेग ताशी साधारण 46 किलोमीटर धरलेला असतो. तुम्ही हायवेवर शंभरने जाणार, माणसं आणि सामान भरून, एसी लावून. गाडीच्या स्क्रीनवरच्या रेंजवरही विसंबू नका. आत्तापर्यंत गाडी कशी चालवली त्यावरून केलेला तो अंदाज असतो. शहरातून हळूहळू चालवत हायवेला लागलात की तो आकडा भराभर उतरायला लागतो आणि गाडीत काहीतरी बिघडलंय असं वाटतं. बिघडलेलं काही नसतं.

त्यापेक्षा एखाद्या सुट्टीच्या दिवशी हायवेवर पन्नास किलोमीटर जा आणि त्याच रस्त्याने परत या. वेग तोच ठेवा, ज्या वेगाने प्रवासात चालवणार आहात. जाऊन-येऊन केल्यामुळे वारा आणि चढ-उतार यांची बरीचशी वजाबाकी होते. निघताना बॅटरी 80 टक्के होती, परतल्यावर 50, म्हणजे 30 टक्क्यांत 100 किलोमीटर. टक्क्याला 3.3 किलोमीटर.

हा आकडा पाठ करा. पुढचं सगळं गणित याच्यावर चालतं. पुढचा चार्जर 150 किलोमीटरवर आहे? 150 भागिले 3.3, म्हणजे 45 टक्के लागतील. त्यात 12 ते 15 टक्के राखीव मिळवा. बॅटरी 60 च्या वर असेल तर निश्चिंत जा. एवढा हिशेब गाडी चालवतानाही मनातल्या मनात होतो.

दुसरी पायरी: थांबे ठरवा

1888 साली बेर्था बेन्झ मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली, तेव्हा पेट्रोलपंप ही गोष्टच अस्तित्वात नव्हती. वाटेत वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून तिने इंधन म्हणून लिग्रोइन विकत घेतलं. आपली स्थिती तिच्यापेक्षा पुष्कळच बरी आहे, पण कुठे थांबायचं हे आधी ठाऊक असलेलं आजही बरं.

प्लगशेअर, अ बेटर रूटप्लॅनर किंवा साधा गूगल मॅप्स, कशातही मार्ग टाकून वाटेतले डीसी फास्ट चार्जर, म्हणजे बॅटरी झपाट्याने भरणारे, बघा. एसी चार्जर, म्हणजे घरच्यासारख्या विजेवर हळू भरणारे, रात्रीच्या मुक्कामाला ठीक. वाटेत त्यावर तासन्‌तास जातात. चार्जर आपल्या गाडीला चालणारा हवा: सीसीएस, चाडेमो, एनएसीएस आणि चीनमधला जीबी/टी या चार्जिंगच्या प्रकारांच्या गन (केबलच्या टोकाचा, गाडीत खोचायचा प्लग) वेगवेगळ्या असतात. नकाशावर ठिपका दिसला एवढ्यावर समाधान मानू नका. त्या ठिकाणी लोकांनी अलीकडे काय लिहिलंय ते वाचा. दोन दिवसांपूर्वी कुणीतरी यशस्वीपणे चार्ज करून गेलं असेल तर उत्तम. शेवटची नोंद सहा महिन्यांपूर्वीची असेल तर तो चार्जर नाहीच असं धरा.

एकदा रात्री साडेदहाला 14 टक्के बॅटरी घेऊन मी एका चार्जरपाशी पोहोचले. ॲपवर तो हिरवा दिसत होता. प्रत्यक्षात आवाराचं फाटक बंद होतं आणि चार्जरचा दिवा फाटकाच्या सळ्यांमधून लुकलुकताना दिसत होता. पुढचा चार्जर 22 किलोमीटरवर होता म्हणून निभावलं. तेव्हापासून प्रत्येक थांब्यासाठी दोन गोष्टी लिहून ठेवते: जागा चोवीस तास उघडी असते का, आणि हा चार्जर बंद निघाला तर राखीव बॅटरीत दुसरा कुठला गाठता येईल. शक्यतो एकाच ठिकाणी चार-सहा चार्जर असलेली जागा निवडा. एकुलत्या एक चार्जरवर अख्खा प्रवास टांगू नका.

तिसरी पायरी: 80 टक्क्यांला गन काढायला शिका

नवे लोक सर्वांत जास्त वेळ इथे घालवतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

फास्ट चार्जर सुरुवातीचा वेग शेवटपर्यंत टिकवत नाही. 60 किलोवॉटच्या चार्जरला गाडी लावल्यावर मला स्क्रीनवर 30 टक्क्यांच्या आसपास 50 किलोवॉट दिसतात, 80 च्या जवळ 35 आणि 90 च्या पुढे 15-17. हा बिघाड नव्हे. बॅटरी भरत आली की तिच्यात जोराने वीज ढकलली तर लिथियम आत मुरायच्या ऐवजी ऋण ध्रुवावर धातूच्या रूपात साचू लागतं आणि बॅटरी खराब होते. म्हणून गाडी स्वतःच वेग कमी करत नेते.

आता हिशेब बघा. बॅटरी 60 युनिटची (विजेच्या बिलावरचंच युनिट, म्हणजे एक किलोवॉट-तास), प्रवास 520 किलोमीटरचा, टक्क्याला 3.3 किलोमीटर. घरून 100 टक्के करून निघालात आणि 250 किलोमीटरवर थांबलात, तेव्हा उरले 24 टक्के. इथून दोन वाटा आहेत.

एक, तिथेच 95 पर्यंत भरायची. 80 पर्यंत सुमारे 40 मिनिटं आणि वरच्या 15 टक्क्यांना आणखी 25-27 मिनिटं. उरलेले 270 किलोमीटर संपतात तेव्हा हातात जेमतेम 13 टक्के.

दुसरी, 75 ला गन काढून निघायचं. याला 37 मिनिटं लागतात. पुढे 180 किलोमीटरवर 20 टक्के उरलेले असताना पुन्हा थांबून 60 पर्यंत भरायची, ती 29 मिनिटं. शेवटचे 90 किलोमीटर झाल्यावर हातात 33 टक्के.

चार्जिंगचा वेळ जवळपास तेवढाच, शिल्लक मात्र वीस टक्के जास्त. शिवाय दर दोन-अडीच तासांनी पाय मोकळे होतात. दुसऱ्या थांब्यासाठी रस्ता सोडून फार आत जावं लागत नसेल तर मी दरवेळी हीच वाट धरते. पुढे चार्जरच नसेल तर गोष्ट वेगळी, तिथे 95 काय, 100 पर्यंत बसा.

चौथी पायरी: आदल्या रात्रीची तयारी

बॅटरी 100 टक्के भरा, पण ती निघायच्या वेळेच्या आसपास भरून होईल असं टायमर लावा. गाड्यांच्या लिथियम बॅटरीचे एनएमसी आणि एलएफपी असे दोन मुख्य प्रकार आहेत. एनएमसी बॅटरी दिवसेंदिवस शंभरवर भरून ठेवणं तिला मानवत नाही. एलएफपीला फारसं बिघडत नाही, उलट अधूनमधून पूर्ण भरली तर टक्क्यांचा आकडा अचूक राहतो.

टायरमधली हवा टायर थंड असताना तपासा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किती हवी ते दिलेलं असतं. टपावरचं कॅरिअर रिकामं असेल तर काढून ठेवा, ते वारा अडवतं आणि वीज खातं. दोन-तीन कंपन्यांची ॲप घरीच डाउनलोड करून, नोंदणी करून, वॉलेटमध्ये पैसे भरून ठेवा. मोबाइलला रेंज नसलेल्या जागी उभं राहून ओटीपीची वाट बघणं फार जिवावर येतं. घरच्या सॉकेटची केबल डिकीत हवीच. ती साध्या एक्स्टेन्शन बोर्डाला लावू नका. कित्येक तास सलग लोड ओढल्यावर अशा वायरी तापतात आणि आग लागू शकते.

पाचवी पायरी: रस्त्यावर

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 100 चे 120 केले तर तो 44 टक्क्यांनी वाढतो. समजा त्यामुळे 200 किलोमीटरला 9 युनिटं जास्त गेली. जोरात गेल्याने रस्त्यावरची 20 मिनिटं वाचली, पण ती 9 युनिटं 50 किलोवॉटने भरायला 11 मिनिटं लागतात आणि 25 किलोवॉटने भरायला जवळजवळ 22. म्हणजे पुढचा चार्जर मंद असेल तर वेगाने जाऊन काहीच मिळत नाही. मी शंभरच्या आत राहते आणि आनंदात राहते.

एसी बंद करून घामाघूम होऊ नका. तो एक-दीड किलोवॉट घेतो, तर शंभरच्या वेगाला गाडी स्वतः अठराच्या आसपास घेते. कडाक्याच्या थंडीत हीटर जास्त खातो, तेव्हा सीट गरम करायची सोय असेल तर ती वापरा. थंड बॅटरी चार्जही हळू होते. बऱ्याच गाड्यांमध्ये चार्जरचा पत्ता गाडीच्याच नकाशात टाकला की वाटेतच बॅटरी गरम करायला सुरुवात होते.

घाटाचं गणित वेगळं मांडा. दोन टनांची गाडी 1000 मीटर वर चढवायला साडेपाच युनिटं नुसती उंचीसाठी लागतात, 60 युनिटच्या बॅटरीत 9 टक्के. उतरताना मोटर उलट वीज तयार करते आणि त्यातला बराच भाग परत मिळतो. म्हणून घाटमाथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरू नका. भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज जायला जागाच नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

दर तासाला एकदा हिशेब ताडून बघा. कमी पडणार असं दिसलं तर लगेच वेग 80-85 वर आणा. हे 40 टक्के असताना केलं तर उपयोग होतो, 8 टक्के असताना फारसा नाही. वारा चुकवायला ट्रकच्या मागे चिकटून जाऊ नका, त्यात जिवाला धोका आहे.

सहावी पायरी: चार्जरपाशी

एकाच खांबाला दोन गन असतील तर दोन गाड्या लागल्यावर बहुधा वीज वाटली जाते, म्हणून शक्यतो रिकामा खांब निवडा. डीसीची केबल जाड आणि जड असते. गन खोचून हात सोडला की केबलच्या वजनाने ती किंचित खाली लोंबते, आतल्या पिना नीट टेकत नाहीत आणि चार्जिंग सुरूच होत नाही. खट्‌कन लॉक बसेपर्यंत गन खालून तळहाताने उचलून धरा. चार्जर खराब आहे असं समजून लोक निघून गेलेत आणि एवढ्यानेच तो सुरू झालाय, असं मी दोनदा पाहिलंय.

पावसाला घाबरू नका. गन लॉक होऊन गाडी आणि चार्जर यांची आपसांत खातरजमा झाल्याशिवाय पिनांमध्ये चार्जिंगची वीज येत नाही. शेवटी गन अडकली तर आधी ॲपवरून किंवा स्क्रीनवरून चार्जिंग थांबवा, गाडी अनलॉक करा, गन थोडी आत दाबून मग ओढा. बऱ्याच गाड्यांमध्ये डिकीच्या अस्तरामागे लॉक सोडवायची दोरी असते. ती कुठे आहे हे घरीच मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. काम झालं की गाडी बाजूला घ्या आणि गन जागेवर अडकवा. चिखलात पडलेली गन पुढच्या माणसाचा प्रवास मोडते.

गाडी बंदच पडली तर चारही चाकं वर घेणारा, सपाट फळीचा ट्रक मागवा. चाकं रस्त्यावर फिरवत ओढत नेली तर मोटर खराब होऊ शकते.

मुक्कामी पोहोचलात की सामान उतरवायच्या आधी गाडी रात्रीच्या चार्जिंगला लावा आणि वहीत त्या दिवशीचा खरा आकडा लिहा. निघताना 3.3 धरला होता आणि पडला 3.1, तर परतीचे थांबे 3.1 ने ठरवा.