आफ्रिकेच्या दक्षिण भागातील अनाथ मुलांना मदत करताना या चुका टाळा

पहिली चूक ‘अनाथ’ या शब्दापाशीच होते. युनिसेफच्या व्याख्येनुसार १८ वर्षांखालील ज्या मुलाच्या आईवडिलांपैकी एकाचाही मृत्यू झाला आहे, ते मूल अनाथ धरले जाते. त्यामुळे मलावी, झांबिया, लेसोथो किंवा एस्वातिनी या देशांतील अनाथांचे आकडे वाचताना आपल्या डोळ्यांसमोर निराधार मूल उभे राहते. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक मुले हयात असलेल्या आईजवळ किंवा वडिलांजवळ, नाहीतर आजीकडे किंवा मावशीकडे राहत असतात. एचआयव्हीच्या साथीने मधली पिढी हिरावून नेली, तेव्हा नातवंडांचा सांभाळ मुख्यतः आज्यांनी केला. एस्वातिनीत आजीला ‘गोगो’ म्हणतात, आणि मदतीची खरी गरज बहुधा या गोगोच्या घरालाच असते.

यातूनच सर्वांत महागडी चूक घडते, ती म्हणजे अनाथाश्रमाच्या इमारतीसाठी देणगी देणे. इमारतीवर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, आजीच्या चुलीवर लागत नाही, हेही त्यामागचे एक कारण असावे. घरात पुरेसे अन्न नाही आणि आश्रमात जेवण व शाळा दोन्ही आहेत, असे दिसल्यावर गरीब नातेवाईक मुलाला तेथे नेऊन ठेवतात, म्हणजे घर टिकवू शकला असता तो पैसा घर मोडायला कारणीभूत ठरतो. केवळ गरिबीच्या कारणावरून मुलाला कुटुंबापासून वेगळे करू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. आपण अशा आश्रमाला आधीपासून मदत करत असाल, तर ती एकाएकी थांबवू नका, कारण त्याची झळ तेथील मुलांनाच बसेल. किती मुलांचे नातेवाईक हयात आहेत, गेल्या वर्षी किती मुले घरी परतली आणि त्यानंतर त्यांच्या घरी कोण जाऊन पाहते, हे संस्थेला लेखी विचारावे. उत्तरे टाळली गेली, तर पुढील देणगी कुटुंबासोबत काम करणाऱ्या संस्थेकडे टप्प्याटप्प्याने वळवावी.

शैक्षणिक पालकत्वाच्या योजनांत चूक वेगळी असते. एका घरात पाच मुले असताना एकाच नातवाला नवे बूट आणि दप्तर मिळाले, तर भावंडांत दुरावा येतो, शिवाय आजारामुळे पोरके झालेले मूल म्हणून गावात त्याच्याकडे बोट दाखवले जाते. मदत संपूर्ण घराला मिळते का, हे आधी विचारून घ्यावे. फीचेही तसेच आहे. मलावीत सरकारी प्राथमिक शिक्षणाची फी १९९४ मध्येच रद्द झाली. तेथील प्राथमिक शाळेच्या फीसाठी आवाहन आले, तर पैसे नेमके गणवेशाला, वह्यांना की आणखी कशाला लागतात, याचा खुलासा मागावा.

जुने कपडे पाठवू नयेत. वाहतूक आणि जकातीचा खर्च कपड्यांच्या किमतीहून अधिक होऊ शकतो, आणि झांबियाच्या बाजारात असे कपडे ‘सलाउला’ या नावाने सर्रास विकले जातात. रोख रक्कम अधिक उपयोगी पडते. मलावी सरकारनेही २००६ मध्ये म्चिंजी जिल्ह्यापासून अत्यंत गरीब कुटुंबांना थेट रोख रक्कम द्यायला सुरुवात केली. तेथे मक्याचे पीक साधारण एप्रिलमध्ये हाती येते आणि डिसेंबर ते मार्च हे महिने उपासमारीचे असतात, त्यामुळे दिवाळीत दिलेली देणगी तत्परतेने पोहोचली, तर ती अगदी वेळेवर ठरते.

‘दक्षिण आफ्रिका’ हा एक देश आहे, हेही अनेकदा विसरले जाते. तेथे १९९८ पासून सरकारी बालसंगोपन अनुदान मिळते आणि नातेवाइकांकडे राहणाऱ्या अनाथ मुलांसाठी २०२२ पासून त्यात वाढीव रक्कम जोडता येते. अनेक घरांचे अडते ते कागदपत्रांवर, म्हणजे मुलाचा जन्मदाखला किंवा आईवडिलांचा मृत्युदाखला नसल्यामुळे. हे दाखले मिळवून देणाऱ्या कार्यकर्तीचा प्रवासखर्च उचलला, तर त्या घराला दरमहा मिळणाऱ्या अनुदानाचा मार्ग मोकळा होतो.

भारतातून परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, हे पैसे पाठवण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.