निपलपाशी कूलंट गळतंय? क्लिप आवळण्याआधी हे बघा

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. त्यात एसी लावून तुळजापूरचा घाट चढायचा म्हटला, की कूलिंगमधली बारीकशी गळतीही उघडी पडते. (निपल म्हणजे रबरी पाइप ज्यावर चढवून क्लिपने आवळतात, ते नळीचं तोंड.) इंजिन तापलं की रेडिएटरचं झाकण साधारण ०.९ ते १.१ बार दाब धरून ठेवतं. त्यामुळे थंड गाडीत कोरडा दिसणारा जोड चालू गाडीत झिरपतो. काही जोडांचं उलटं असतं. रबर कडक झालेला पाइप रात्री थंड होऊन आकसतो, सकाळी जमिनीवर दोन थेंब दिसतात आणि इंजिन गरम झालं की गळती बंद.

गळती शोधायची ती थंड इंजिनावर. गरम इंजिनाचं झाकण उघडलं तर उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं, त्यामुळे तास-दीड तास थांबाच. थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते, ती वर असते. सुकलेल्या कूलंटचा पांढरट, हिरवट किंवा गुलाबी थर वरपर्यंत शोधत जा. तो भाग पाण्याने धुऊन कोरडा करा आणि जोडाभोवती टिश्यू पेपर गुंडाळा. गॅरेजमध्ये प्रेशर टेस्टर मिळाला तर झाकणावर छापलेल्या दाबाइतकी हवा भरून १५ मिनिटं ठेवा. त्याहून जास्त नको. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाणी येत असेल, तर पंपाचं सील गेलंय. निपलवर वेळ घालवू नका.

आता मुख्य मुद्दा. निपलवरची गळती बहुतेक वेळा क्लिप सैल झाल्यामुळे होत नाही, निपलवर क्षार आणि गंज बसल्यामुळे होते. आपल्याकडे ‘थोडंसंच कमी आहे’ म्हणून बोअरचं पाणी ओतण्याची सवय फार. त्या जड पाण्याचा थर पाइपाच्या आत, निपलच्या अंगावर साचतो आणि ॲल्युमिनियमला खड्डे पडतात. अशा जोडावर क्लिप कितीही आवळा, ती रबर कापते, गळती राहतेच.

म्हणून पाइप काढावाच लागतो. खाली स्वच्छ बादली ठेवून कूलंटची पातळी त्या जोडाच्या खाली येईल एवढंच काढा. वरच्या पाइपासाठी बहुतेक गाड्यांत दोन-तीन लिटर पुरतं. पाइप पिळून मोकळा करा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, प्लॅस्टिकचा निपल हमखास मोडतो. अगदीच चिकटला असेल तर पाइप चिरून काढा आणि नवा घाला, पण ब्लेड निपलला लागू देऊ नका. धातूच्या निपलवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर गोल फिरवून घासा. लांबीच्या दिशेने घासलं की पडलेल्या प्रत्येक ओरखड्यातून पाण्याला वाट मिळते. नख अडकेल एवढा खड्डा असेल तर फिटिंगच बदला.

पाइपाचं टोक कडक झालंय पण लांबी पुरेशी आहे? मग १०-१५ मिलिमीटर कापून टाका. बोटाने दाबल्यावर चिरा दिसल्या तर मात्र अख्खा पाइप नवा. बसवताना आत थोडं कूलंट लावा. ऑइल किंवा सिलिकॉन नको. क्लिप निपलच्या उंचवट्यावर नाही, त्याच्या मागे आली पाहिजे, पाइपाच्या टोकापासून ३-५ मिलिमीटर आत. स्क्रूची क्लिप ३-४ न्यूटन-मीटर आवळली की साध्या पाइपाला पुरते. खाचांतून रबर वर यायला लागलं तर जास्त झालं. कंपनीची स्प्रिंग क्लिप असेल तर तीच ठेवा. ताप-थंडीत रबर फुगतं-आकसतं, त्याबरोबर ती आपोआप जुळवून घेते.

गळती थर्मोस्टॅट हाउसिंगखालून (कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडणारी झडप ज्यात बसते ते घर) असेल तर जुनं गॅस्केट, म्हणजे जोडातलं सील, लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. ओरिंग (गोल रबरी कडी) असेल तिथे सिलिकॉन लावायचं नाही. जादा सिलिकॉन आत सुटून रेडिएटरच्या नळ्यांत अडकतं. बोल्ट आळीपाळीने आवळा. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ८-१० न्यूटन-मीटर. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. ॲल्युमिनियमचे आटे जोर सहन करत नाहीत. आट्यांच्या फिटिंगला पातळ थ्रेड सीलंट लावा. एका वायरच्या टेंपरेचर सेन्सरवर टेफलॉन टेप गुंडाळली की अर्थिंग तुटून काटा चुकीचा दाखवू शकतो. तांब्याचं वायसर असेल तर ते नवंच घ्या.

भरताना तयार कूलंट, नाहीतर कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं. ॲसिडचा कॅन उचलू नका म्हणजे झालं. इथे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं म्हणणारे भेटतात. गंज रोखणारी रसायनं त्यातच असतात आणि उकळण्याचा अंशही त्यानेच वाढतो. वेगळ्या प्रकारचं कूलंट मिसळू नका. जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. ते गोडसर लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

हीटर पूर्ण गरमवर ठेवून, एअर स्क्रू असेल तर तिथून हवा काढत, रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होईपर्यंत इंजिन चालवा. थंड झाल्यावर पातळी भरा आणि क्लिप पुन्हा तपासा, कारण पहिल्या तापानंतर रबर थोडं बसतं. उसाच्या ट्रॅक्टरला हादरे जास्त, त्यामुळे हंगामात क्लिपा अधूनमधून बघत राहा. कूलंटच्या टाकीवर पेनने खूण करून चार-पाच दिवस सकाळी पातळी बघा. जोड कोरडे असूनही ती उतरत असेल, तर पायाखालचं कार्पेट ओलं आहे का ते हाताने चाचपा; तिथे हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) गळतो. तेही कोरडं असेल तर हेड गॅस्केटची (इंजिनाच्या हेडखालच्या सीलची) तपासणी करून घ्या.